तुमच्या घरात दात काढत नाहीत

अहो,

आपलं शेवटचं भांडण मी जिंकले. बारा वर्षांच्या संसारात भांडणं काय थोडी झाली? भाजीतलं मीठ, मंजूची शाळा, तुमचा ओव्हरटाइम, माझी बदली, जत्रेला तुमच्या गावी निघोज्याला किती दिवस राहायचं... बहुतेक वेळा तुम्ही हसून माघार घ्यायचात आणि मी समजायची, मीच खरी. हे शेवटचं मी हरले असते तर आत्ता तुम्ही पहिल्या पाळीहून येऊन मोरीत हात धूत असता, आणि साबणाचे शिंतोडे भिंतीवर उडवले म्हणून मी तुमच्या नावानं खडे फोडत असते.

तुम्हाला जाऊन आज त्रेचाळीस दिवस झाले. माणसं येऊन गेली. कंपनीतले आले, शाळेतले आले, चाळीतल्या बायका रोज कुणी ना कुणी डबा आणून देत होत्या. सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं. गेलेल्याबद्दल वाईट कोण बोलतंय! मी मात्र तुमच्यावर चिडलेली आहे, आणि चिडायला समोर माणूस नाही. आणि खरं सांगू? तुमच्यापेक्षा जास्त मी माझ्यावर चिडलेली आहे. काल मी तुमचा शब्दही मोडला. तुम्ही जाता जाता एकच गोष्ट मागितलीत, तीही मला पाळता आली नाही. मंजूसाठी मोडला. का मोडला ते तुम्हाला नीट सांगायचं म्हणून ही वही उघडलीय.

तुमचं ते सुजणं. पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर चौथ्या महिन्यात. कोयनेच्या भूकंपाला तेव्हा अजून वर्षही झालं नव्हतं, भांडं वाजलं तरी आपण दचकत होतो. टूलरूममध्ये तुम्ही दिवसभर हातोडी चालवलीत आणि संध्याकाळी तुमचा उजवा हात पावासारखा टम्म फुगला. खाज नाही, चट्टे नाहीत, ताप नाही. मी घाबरून रडायला लागले, तर तुम्ही डाव्या हातानं चहा पीत म्हणालात, "काय न्हाई गं, तिसऱ्या दिवशी उतरतंय. आमच्यात असतंच."

आमच्यात असतंच! काय असतं, कशामुळं असतं, काही पत्ता नाही. वडील असेच सुजायचे म्हणे. वडिलांची बहीण सुजायची. पण माझे वडील देहूरोडच्या डेपोत कारकून. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला फाइल. मला कारण पाहिजेच होतं. मी ठरवलं, हे पित्त. मग काय, तुमच्या ताटावर माझं राज्य सुरू झालं. शेंगदाणे बंद, अंडी बंद, आंबट बंद, आणि वांगं तर कायमचं बंद. तुम्हाला भरलं वांगं किती आवडायचं! तुमच्या आई, म्हणजे आमच्या आत्याबाई, एकदा गावाहून कोवळी काटेरी वांगी घेऊन आल्या आणि मी ती त्यांच्यासमोर शेजारी देऊन टाकली. आत्याबाई म्हणाल्या, "वांग्याचं काय न्हाई त्यात, सूनबाई." मी मनात म्हटलं, अडाणी बाई. अकरा वर्षं मी तुम्हाला वांगं खाऊ दिलं नाही. डॉक्टरांनी आता सांगितलं, वांग्याचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही. महिन्याच्या पानावर मी तुमच्यासाठी भरलं वांगं वाढलं. काय उपयोग?

हसायचोही आपण, हे विसरून चालायचं नाही. मंजूच्या पहिल्या वाढदिवसाला पिंपरीच्या बाजारात फोटो काढायला गेलो, आणि नेमका त्या सकाळी तुमचा वरचा ओठ सुजला. फोटोवाला म्हणतो, "साहेब, जरा नॉर्मल बसा." तुम्ही म्हणालात, "ह्येच नॉर्मल हाय, बाबा." मी इतकी हसले की माझा फोटो हलला. त्या फोटोत एकटी मंजूच तेवढी माणसासारखी दिसते.

आणि ते पोटाचं. आणीबाणी उठली त्या वर्षी तुम्ही पोट धरून गडाबडा लोळलात, उलट्या थांबेनात. अपेंडिक्स म्हणून पोट उघडलं. अपेंडिक्स ठणठणीत. टाके घालून परत पाठवलं. तुमच्या टूलरूममधले जाधव भाऊजी भेटायला आले, ते मराठवाड्याचे, तोंडाचे फटकळ. "राव, रिकामंच खोललं की तुमाला!" म्हणाले. तुम्ही हसलात आणि टाके दुखले म्हणून ओरडलात. आता कळतंय, तेव्हा तुमचं आतडं सुजलं होतं, जसा हात सुजायचा तसंच. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. डॉक्टरांना तरी काय दोष द्यायचा, ते अपेंडिक्सच शोधत होते.

आता दाताचं.

तुमच्या घरचा नियम मला लग्नाच्या आधीच सांगितला होता, बघा. बैठकीतच. मानपान, साड्या, सगळं बोलून झाल्यावर आत्याबाईंनी पदर सावरत सांगितलं होतं, "आमच्यात दात काढत न्हाईत. म्हसोबाचं हाय. आपसूक पडला तर म्हसोबाला न्ह्यायचा, पण हात लावायचा न्हाई." माझे वडील गालात हसले होते. मीही हसले. प्रत्येक घराचं काहीतरी असतंच. कुणाकडे दुधी चालत नाही, कुणाकडे काळी साडी. म्हटलं, असू दे. मी सातवीला विज्ञान शिकवते, माझ्या वर्गात भिंतीवर दातांचा तक्ता आहे, कीड कशी लागते, दात कधी काढावा. म्हसोबाला मी काय विचारणार?

तुमची खालची दाढ किडली ती दिवाळीच्या सुमारास. संक्रांत आली तरी तुम्ही लवंग दाबून बसलेले. रात्रपाळीला जायचात ते गालाला रुमाल बांधून. एका बाजूनं चावून चावून गाल बसले. माझ्या दातांच्या कण्या झाल्या तुम्हाला सांगता सांगता. "आय न्हाई म्हणती," एवढं एकच तुमचं उत्तर. अहो, चाळीस वर्षांचा माणूस, टूलरूममध्ये पंधरा माणसं हाताखाली, मायक्रोमीटरवर केसाएवढी चूक काढणारा, आणि म्हणे आय न्हाई म्हणती!

त्या बुधवारी मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय, तुम्हालाही आठवत असेल. मंजू समोर बसली होती. मी म्हटलं, "पोरीला काय शिकवायचं मी? शाळेत एक आणि घरात एक? तिची दाढ किडली तर तिलाही म्हसोबाकडं न्यायची का?" तुम्ही मंजूकडे बघितलंत.  मग हसून म्हणालात, "चल बाई, मास्तरीणबाई. तुझ्या विज्ञानाच्या नावानं." गुरुवारी कंपनीला सुट्टी. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि आपण पिंपरी कॅम्पातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो. भला माणूस. सुई दिली, दाढ काढली, कापूस दाबून धरायला सांगितलं. येताना तुम्ही मंजूला बर्फाचा गोळा घेऊन दिलात. मी मनातून किती खूश होते म्हणून सांगू! वाटलं, बारा वर्षांनी तुमच्या घरातला एक अंधार मी घालवला.

संध्याकाळी गाल सुजला. दाढ काढल्यावर सुजतोच, मीच सांगितलं. सकाळी सूज हनुवटीखाली उतरली होती आणि तुमचा आवाज बदलला होता, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा. मी म्हटलं, "आज जाऊ नका कामाला." तुम्ही म्हणालात, "मी न्हाई जात, पण तू जा. चाचणीचे पेपर हायत पोरांचे." आणि मी गेले. अहो, मी गेले! सातवी ब चा गणिताचा पेपर होता. वर्गात फेऱ्या मारत होते, पोरांना फळ्यावर वेळ लिहून देत होते, आणि तुम्ही घरी गुडघ्यांवर हात टेकून पुढं वाकून बसला होतात. थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती तुम्हाला. दुसऱ्या पाळीला जाताना जाधव भाऊजी डोकावले म्हणून कळलं. त्यांनी रिक्षा केली आणि शिपायाकरवी मला निरोप धाडला.

मी दवाखान्यात पोचले ती काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच. कुठे ठेवावा सुचेना. एक तरुण डॉक्टर तुमच्याभोवती नुसता धावत होता. एक सुई दिली, पुन्हा दिली, शिरेतून काहीतरी सोडलं. "ॲलर्जी आहे बाई, आत्ता उतरेल," म्हणाला. उतरेना. तुम्ही बसून होतात, आडवं होता येत नव्हतं. तुमच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी काय करू? पाठीवरून हात फिरवत होते. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

तुम्ही खुणेनं लिहायला मागितलंत. गठ्ठ्याला खोचलेली माझी लाल पेन्सिल दिली, एक कोरी पुरवणी दिली. तुम्ही लिहिलंत, "आयला दाताचं सांगू नको." बस, एवढंच. अक्षर नेहमीचंच, ठळक, शेवटी पूर्णविराम दिलेला. मग ते तुम्हाला घशाला भोक पाडायला आत घेऊन गेले, आणि दहा मिनिटांनी तो तरुण डॉक्टर बाहेर आला.  मीच विचारलं, "गेले का?" त्यानं मान हलवली.

त्या एका ओळीवर मी किती विचार केला असेल! माणसाला श्वास घेता येत नाही आणि तो असं लिहितो. आधी वाटलं, आईला वाईट वाटेल म्हणून लिहिलंत. मग एक दिवस पोळ्या लाटताना एकदम लक्षात आलं, तसं नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत. जन्मभर सासूला तोंड द्यायचं होतं मला, त्यांनी मला दोष देऊ नये म्हणून. मी तुम्हाला नेलं, आणि तुम्ही मला सांभाळलंत. तव्यावरची पोळी जळाली. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

मी पाळलं हो तुमचं. आत्याबाई आल्या, मी सांगितलं, श्वास कोंडला. त्यांनी काही विचारलं नाही. तेरावं झालं, त्या इथेच राहिल्या. मी दिवसभर त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. त्या तांदूळ निवडायच्या, मंजूची वेणी घालायच्या, शब्द काढत नव्हत्या.

पंधराव्या दिवशी तो तरुण डॉक्टर सायकलवरून घरी आला. मी चहा केला तर कप हातात धरून बसून राहिला. म्हणाला, "बाई, मला झोप लागत नाही. मी ज्या आजाराची औषधं देत होतो तो आजार त्यांना नव्हताच." पुण्याला जाऊन त्यानं ग्रंथालयात पुस्तकं काढली होती. मग मला विचारत गेला. आधी कधी सुजायचे का? खाज असायची का? पोट दुखायचं का? मी हो-नाही सांगत गेले आणि तो वहीत टिपत गेला, आणि प्रत्येक उत्तराला त्याचा चेहरा जास्तच पडत गेला.

त्यानं सांगितलेलं तुम्हाला सांगते, तुम्हाला असलं समजून घ्यायला आवडायचं. आपल्या रक्तात म्हणे काही प्रथिनं असतात, त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात. एरवी झोपलेली. जंतू शिरला की पहिलं दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि सगळी मिळून जंतूला भोक पाडून मारतात. चांगलीच आहेत. पण ही राखणदार मंडळी उगाच उठली तर आपलंच घर मोडतात. डॉक्टर म्हणाला, त्यांच्या वॉर्डात लहान मुलं येतात, घसा दुखून गेल्यावर पंधरा दिवसांनी तोंड सुजतं, लघवी लाल होते. त्यांच्या मूत्रपिंडात हीच प्रथिनं धुमाकूळ घालत असतात. तरण्या बायकांना गालावर चट्टे येणारा, सांधे धरणारा एक आजार होतो, तिथेही हीच. म्हणून त्यांना आवरून धरायला रक्तात आणखी प्रथिनं असतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर ब्रेक. तुमच्या रक्तात पहिल्याच गड्याचा ब्रेक जन्मापासून ढिला होता. कुठं मार लागला, दाब पडला, जखम झाली की रक्तात जो गोंधळ सुरू व्हायचा तो आवरायला कुणी नाही. मग शिरांमधून पाणी झिरपायचं आणि तो भाग सुजायचा. हातात झिरपलं तर हात, आतड्यात झिरपलं तर पोट. आणि दाढ काढल्यावर गळा. ॲलर्जीच्या सुयांनी ते उतरत नाही.

मी विचारलं, "मग कशानं उतरतं?" तो म्हणाला, "बाहेरच्या देशात काही औषधं निघाली आहेत. इथे मिळत नाहीत. माहीत असतं तरी त्या सकाळी मी फार काही करू शकलो असतो असं नाही. घशाला भोक लवकर पाडलं असतं, कदाचित." मग कप खाली ठेवून म्हणाला, "हा आजार आईबापांकडून मुलांत येतो. निम्म्या मुलांत. तुम्हाला मुलं किती?"

मंजू तेव्हा दारात उभी होती.

आठवतंय ना तुम्हाला, गेल्या पावसाळ्यात ती शाळेत खो-खो खेळताना पडली आणि मनगट सुजलं? तीन दिवस. तुम्ही त्या तीन दिवसांत एकदाही म्हणाला नाहीत, आमच्यात असतंच. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि आपण दोघांनी मुरगळलं म्हणून तेल लावलं. यावर आपण कधीच बोललो नाही. बोलायला हवं होतं.

तुमचं त्या दिवशी काढलेलं रक्त डॉक्टरानं दवाखान्याच्या फ्रीजमध्ये जपून ठेवलं होतं. मंजूचंही घेतलं. आपल्याकडे ही तपासणी होत नाही, मुंबईला एका ठिकाणी होते. रक्त गार राहिलं पाहिजे, नाहीतर ती प्रथिनं वाटेतच मोडतात. जाधव भाऊजींनी रजा टाकली. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, आपल्या थर्मासमध्ये बाटल्या ठेवल्या आणि थर्मास मांडीवर घेऊन मुंबईला गेले. "वहिनी, येक थेंब गरम हू दिला न्हाई," आल्यावर म्हणाले. केवढा धिप्पाड माणूस, आणि दारात उभा राहून रडला.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी सगळ्या देवांना हात जोडले. हो, मीच. म्हसोबालासुद्धा. हसा आता.

परवा डॉक्टर आला. तुमच्यात ते प्रथिन अगदी कमी. आणि मंजूच्यातही. त्यानं कागद माझ्यापुढं धरला. आकडे बघून मला काय कळणार, त्याचं बोट कुठं थांबलंय तेवढं मी बघत होते. मी विचारलं, "आता काय करायचं?" तो म्हणाला, "ती जी औषधं आहेत ती वाढत्या वयातल्या मुलीला देता येत नाहीत. तिला जपायचं. एक चिठ्ठी लिहून देतो, ती कायम जवळ ठेवायची. कुठलंही ऑपरेशन आधी सांगितल्याशिवाय नाही. आणि दात काढायचा नाही."

दात काढायचा नाही. एवढं शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मला बारा वर्षं लागली, आणि तुम्ही लागलात.

मग त्यानं विचारलं, "यांचे वडील कशानं गेले?" मी सांगितलं, मला माहीत नाही. हे पाच वर्षांचे होते तेव्हा. घरात म्हणतात, म्हसोबानं गळा धरला. त्यानं मान वर केली. "सासूबाईंना विचारा. मला सगळं कळायला हवं, मुलीसाठी."

कसं विचारणार? गळ्याचं विचारायचं तर दाताचं सांगावं लागणार. रात्रभर तुमची ती पुरवणी उशाखाली होती. सकाळी ठरवलं, मरणाऱ्या माणसाचा शब्द मोठा की जगणाऱ्या पोरीचा जीव? तुम्हीही हेच ठरवलं असतंत. ठरवलं असतंत ना?

काल दुपारी मंजू शाळेत गेल्यावर मी आत्याबाईंपुढं जाऊन बसले. त्या लसूण सोलत होत्या. मी एका दमात सांगून टाकलं. "मी त्यांची दाढ काढायला लावली. ते नको म्हणत होते, मीच नेलं. त्यामुळं गेले ते." आणि मान खाली घालून बसले. म्हटलं, आता काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत. मला शिव्या हव्याच होत्या, अहो. त्रेचाळीस दिवस सगळे मला बिचारी म्हणत होते, ते मला सहन होत नव्हतं.

आत्याबाईंचा हात थांबला नाही. एक कुडी सोलून झाली, दुसरी घेतली. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय."



"त्याच्या तोंडात तुळशीचं पान म्याच घातलं न्हवं का? व्हट बाजूला केला तवाच दिसलं. बोटाला खड्डा लागला."

म्हणजे पहिल्या दिवसापासून! त्रेचाळीस दिवस त्या माझ्यासमोर बसून तांदूळ निवडत होत्या आणि त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत मला?"

"काय बोलू? कंच्या तोंडानं बोलू?" त्यांनी लसणाचं सूप बाजूला सारलं. "तुझा सासरा असाच दाढंनं कण्हत व्हता. आठ दिस. ऐकवंना मला. म्याच म्हनलं, जा, चाकणच्या बाजारात दात काढणारा बसतो, काढून ये. ऐकंना तर भांडले. गेला, काढून आला. दुसऱ्या दिशी दुपारी गळा मिटला."

बाहेर कुणीतरी नळावर बादली आपटत होतं. मला नीट ऐकू येत होतं, पण कळायला वेळ लागला. मी विचारलं, "आणि म्हसोबा?"

"म्हसोबाचं म्याच घातलं. तीन पोरं पदरात. त्यांस्नी सांगू का, तुमच्या बापाला म्या धाडलं? आन् नुसतं दात काढू नगा म्हनलं तर कोण ऐकतंय? देवाचं नाव घेतलं म्हंजी भ्यात्यात. ऐकलं की समद्यांनी. इतकी वर्सं ऐकलं."

मी ऐकलं नाही. मी एकटीनंच ऐकलं नाही. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, की बाई, मला तरी खरं सांगायचंत! बैठकीत नाही, निदान नंतर कधी चुलीपाशी तरी. म्हसोबा म्हणालात म्हणून मी हसले, 'माझा नवरा असा गेला' म्हणाला असतात तर मी कशाला हसले असते? पण ओरडले नाही. मीही त्यांच्याशी त्रेचाळीस दिवस खोटं बोललेच होते की, तेही तुमच्या हस्ताक्षराच्या आधारानं. त्यांच्याकडे तर कागदही नव्हता.

त्यांनी माझा हात धरला. लसणाचा हात, चिकट. लग्नात ओटी भरली त्यानंतर त्यांनी मला हात लावल्याचं मला आठवत नाही. मी मंजूचं सांगितलं. रक्ताचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीचं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मंजीला काय सांगायचं? देवाचं, का खरं?"

मी म्हटलं, "खरं सांगू, आत्याबाई. सगळं सांगू. तुमचं, माझं, रक्ताचं."

त्यांनी मान हलवली. पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा सूप पुढं ओढलं. लसूण हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "व्हय. पर तिला उद्या तुझ्यासारकं कुणी शिकल्यालं माणूस भेटलं, आन् त्यानं म्हनलं चल, काय हुतंय, तर?"

 अहो, याचं उत्तर मी अजून शोधतेय.